वैशाखातला मध काढताना पावसाळा विसरू नका

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर एप्रिल-मे महिन्यांत जांभूळ व हिरडा फुलतो आणि सातेरी माश्यांच्या पेट्यांत मधाची आवक वाढते. मधपाळ बंधूंनो, हात आखडता घेण्याची वेळ हीच. जूनमध्ये पावसाची झड लागली की माशी कित्येक दिवस बाहेर पडत नाही, फुलोराही नसतो. मे महिन्यात ओरबाडून घेतलेली वसाहत मग उपाशी पडते व पेटी सोडून जाते. आपण मात्र म्हणतो, माशी रुसली!

मधकोठीतील चौकटीची तीन चतुर्थांश घरे मेणाने बंद झाली असतील, तरच ती मधयंत्रात घालावी. कच्चा मध पातळ असतो आणि आंबतो. खालच्या पिलावकोठीतील मधाला कधीही हात लावू नये. पावसाळ्याची शिदोरी तीच.

पावसापूर्वी रिकामी मधकोठी उतरवावी. माश्यांनी न झाकलेली जुनी, काळी पोळीही काढावीत, कारण मेणपतंगाचे ते आवडते ठिकाण. तळपाट खरवडून घ्यावा. घोडीच्या पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात.

एवढे करूनही साठा कमी दिसला, तर साखर व पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक थंड झाल्यावर सायंकाळी पेटीच्या आतच द्यावा. पाक बाहेर सांडला तर शेजारच्या पेटीतील माश्या लुटीला येतात, आणि त्यात दुबळी वसाहत मरूही शकते. पाक चालू असताना साठलेला मध विक्रीसाठी काढू नये.