मांडव शेतात, यजमान कोण?

अलीकडे सोलापुरातील सुशिक्षित घरांतून येणाऱ्या लग्नपत्रिकांवर एक नवे चित्र दिसू लागले आहे. गणपतीच्या खाली, जेथे पूर्वी सनई-चौघडा किंवा केळीचे खुंट छापलेले असत, तेथे आता बैलगाडी, मोट आणि ज्वारीची कणसे असतात. आणि ‘विवाहस्थळ’ ह्या शब्दापुढे मंगल कार्यालयाचे नाव नसून कोणाच्या तरी शेताचा पत्ता असतो. अशाच एका लग्नाला गेल्या हिवाळ्यात जाण्याचा योग आला. शेताच्या तोंडाशी रंगविलेली बैलगाडी उभी होती. तिची चाके जमिनीत पक्की रोवलेली होती आणि बैल कोठेच नव्हते. आंब्याच्या फांदीला कंदील टांगले होते, त्यांत विजेचे दिवे होते. धोतर-फेटा नेसविलेली शहरातील मुले सरबत देत होती. सारे मोठे देखणे होते, हे मान्य केलेच पाहिजे.

जेवण झाल्यावर सहज चौकशी केली, “ह्या शेताचे मालक कोणते?” कोणालाच नीट सांगता येईना. शेवटी बांधाकडे बोट दाखविण्यात आले. तेथे एक मध्यम वयाचे गृहस्थ हातात शिट्टी घेऊन पाहुण्यांच्या मोटारी मागे-पुढे करून लावून देत होते. शेत त्यांचे, आंबा त्यांच्या वडिलांनी लावलेला, विहीर त्यांची. पण त्या दिवशी त्या शेतावर त्यांचे काम होते ते वाहने लावण्याचे. ते जेवले होते की नाही, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

त्या दिवसापासून हा विषय मनात घोळत आहे. शेतावर लग्न करण्याच्या ह्या हौशीची थट्टा करणे सोपे आहे. परंतु ती थट्टेवारी नेण्यासारखी गोष्ट नाही. कार्यालयातील लग्नाला लोक कंटाळले आहेत, आणि त्यांचा कंटाळा रास्त आहे. सकाळचे एक कार्य उरकते न उरकते तोच संध्याकाळच्या कार्याचे सामान दारात येऊन उभे राहते. जेवणाऱ्याच्या पाठीशी पुढच्या पंगतीचा माणूस खुर्ची धरून उभा असतो. अशा वेळी एखाद्या शिक्षकाला किंवा लिपिकाला, ज्याचे आजोबा गिरणीत कामाला म्हणून बार्शी, मोहोळ, अक्कलकोट भागांतून सोलापुरात आले, आपल्या मुलीच्या डोक्यावर अक्षता पडाव्यात त्या गावच्या शिवारात, असे वाटले तर त्यात खोटे काय आहे?

शिवाय विचार करून पाहिले तर आपले लग्न हे मुळातच शेताचे कार्य आहे. मांडवाची पहिली मेढ रोवायची, ती उंबराची किंवा आंब्याची. हळद दळायची जात्यावर, कांडायची उखळात, आणि मुसळाला आंब्याची पाने बांधून. देवक म्हणून झाडांचे पल्लव पुजायचे. आमच्या ह्या कोरडवाहू मुलुखात तर खेडोपाडी अक्षतासुद्धा तांदळाच्या नसत. त्या ज्वारीच्या असत. जे आपल्या रानात पिकते तेच वधूवरांच्या मस्तकी घालायचे, हा त्यामागील साधा न्याय होता. तेव्हा लग्न शेताकडे परतत असेल तर ते आपल्या घरीच परतत आहे. प्रश्न एवढाच आहे की, ते तेथे पाहुणे म्हणून जात आहे की गिऱ्हाईक म्हणून.

ह्या दोहोंतील फरक सर्वांत आधी तिथीवरून कळतो. पूर्वी लग्नसराईचा मोठा भाग चैत्र-वैशाखात येई, तो केवळ पंचांगामुळे नव्हे. रब्बीची ज्वारी माघ-फाल्गुनात निघते. ती उपटायची, कणसे मोडायची, कडब्याच्या पेंढ्या बांधायच्या, खळे करून धान्य घरी आणायचे, एवढे झाले की रान मोकळे होते, बैल मोकळे होतात, माणूस मोकळा होतो आणि हातात चार पैसे असतात. मग लग्न. म्हणजे आधी पीक आणि मागाहून कार्य, असा तो क्रम होता. आता छायाचित्रकार सांगतो की, उभ्या पिकात छायाचित्रे अधिक खुलतात, आणि क्रम उलटा होतो.

माझ्या परिचयाच्या एका माध्यमिक शिक्षकांच्या घरी नेमका हाच पेच उभा राहिला. त्यांच्या मुलीने हट्ट धरला की, लग्न आपल्याच शेतावर करायचे. शेत वडिलार्जित, कसतात ते त्यांचे थोरले बंधू. फेब्रुवारीचा मुहूर्त निघाला. त्या सुमारास ज्वारी काढणीला आलेली असणार, तेव्हा मांडवाभोवतीचे दोन एकर आठ-दहा दिवस तसेच उभे ठेवावे, असे ठरले. थोरल्या बंधूंना विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “तुम्ही म्हणाल तसं.” ज्याने शेती केलेली नाही त्याला हा होकार वाटेल. काढणीची टोळी एकदा ठरलेल्या दिवशी परत पाठविली की ती दुसऱ्याच्या रानात जाते आणि हाक मारल्यावर येत नाही. वाळलेल्या कणसांवर पाखरांची धाड पडते. आणि माघ-फाल्गुनातील एखादा अवकाळी पाऊस झाला तर दाणा काळा पडतो आणि कडबाही काळवंडतो. कडबा म्हणजे पुढच्या उन्हाळ्यातील जनावरांचा जीव. त्या तीन शब्दांच्या उत्तरात हे सगळे होते; ते सांगणे मात्र धाकट्या भावाच्या मुलीच्या कार्यात अपशकुन केल्यासारखे झाले असते.

ते ओळखले मुलीने. ती एका रविवारी एकटीच शेतावर गेली आणि तिने प्रश्न बदलला. “आप्पा, पीक उभं ठेवता येईल का?” असे न विचारता तिने विचारले, “आप्पा, रान कधी मोकळं होईल?” ह्या प्रश्नाला मात्र त्यांनी भरभरून उत्तर दिले: काढणी केव्हा, मळणी केव्हा, विहिरीला पाणी कोठपर्यंत, वारा कोणत्या बाजूने येतो आणि मांडव कोठे घालावा. शाळेच्या परीक्षा संपतील आणि विहीर अगदी तळाला गेलेली नसेल, असा एप्रिलचा पहिला आठवडा ठरला. वरपक्षही समजूतदार निघाला.

येथे एका जुन्या आरोपाची आठवण द्यावीशी वाटते. शेतकरी कर्जबाजारी का होतो, तर तो लग्नात उधळतो म्हणून, हे वाक्य आपण सुशिक्षितांनी पिढ्यान् पिढ्या ऐकले व ऐकविले आहे. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने हाही मुद्दा तपासला आणि लग्नकार्यांवरील खर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे, असा निष्कर्ष काढला. पुढे १८७९ साली दख्खनमधील शेतकऱ्यांना दिलासा देण्यासाठी जो कायदा झाला, तो ज्या चार जिल्ह्यांना प्रथम लागू झाला, त्यांत पुणे, सातारा व अहमदनगर यांच्याबरोबर आपला सोलापूर जिल्हाही होता. तरीही तो आरोप मिटला नाही. आता नियतीचा खेळ असा की, ज्याला आपण उधळेपणाचा दोष दिला, त्याच्याच बांधावर जाऊन आपण उधळपट्टी करीत आहोत, आणि तिला ‘साधेपणा’ असे नाव देत आहोत.

साधेपणा हा देखावा नव्हे, तो हिशेब आहे. सोलापूर जिल्हा अवर्षणप्रवण. येथे शेतावर कार्य करावयाचे तर पहिला हिशेब पाण्याचा. स्वयंपाक, पिणे, हात धुणे आणि भांडी मिळून माणशी १५ लिटर धरले तरी ४०० माणसांना ६,००० लिटर पाणी लागते. ते विहिरीतून उपसावयाचे की टँकरने आणावयाचे, हे पत्रिका छापण्यापूर्वी ठरले पाहिजे. आणि टँकरने आणावयाचे तर ते शेजारच्या वस्तीच्या तोंडचे तर नाही ना, हेही पाहिले पाहिजे. दुसरा हिशेब विजेचा. शेतीपंपाची वीज पाळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री मिळते. तिच्यावर मांडव उजळता येत नाही. त्यापेक्षा लग्न सकाळी लावावे आणि दुपारी मंडळींना झाडाखाली बसवावे, हे अधिक शहाणपणाचे. तिसरा हिशेब जमिनीचा. काळ्या रानावरून शे-दीडशे वाहने फिरली की माती दबते आणि पुढच्या नांगरटीला ढेकळे निघतात. वाहने रस्त्यालगत पडीक तुकड्यावर थांबवून पाहुण्यांनी चार पावले चालावे. वृद्धांसाठी आणि स्त्रियांसाठी आडोशाची, पाण्याची व स्वच्छतागृहाची सोय मात्र देखाव्याच्या आधी झाली पाहिजे. आणि शेवटी कचरा. प्लॅस्टिकचे पेले आणि चकचकीत कागद वाऱ्याने शिवारभर पसरतात, जनावरांच्या पोटात जातात. लग्नाचे छायाचित्र भिंतीवर लागते तेव्हा ते पेले अजून बांधाच्या काट्यांत अडकलेले असतात.

भोजनाचे म्हणाल तर सोलापूरला कोणाच्या तोंडाकडे पाहण्याचे कारण नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला आणि सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कडक भाकरी आणि शेंगा चटणी तर आता दूरदूरच्या शहरांत पोहोचली आहे. असे असता शेतावरच्या लग्नात परप्रांतीय पदार्थांचे पंचवीस प्रकार कशाला? गावातल्या दहा बायांना भाकरीचे काम रीतसर मोबदला देऊन सांगितले, भाजी शेजारच्या मळ्यातली घेतली, गव्हाची खीर केली, की पंगत उत्तम होते आणि पैसाही गावात राहतो. राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्यामागील हेतू शेतकऱ्याला जोडउत्पन्न मिळावे हा आहे. शेत भाड्याने देण्यात कमीपणा मुळीच नाही. मात्र व्यवहार करावयाचा तर भाडे पूर्ण द्यावे, आणि आपुलकी सांगावयाची तर ज्याचे शेत त्याला पंगतीत पहिल्या पाटावर बसवावे. दोन्ही टाळून नुसते चित्र घेऊन येणे हे बरे नव्हे.

हे सारे अव्यवहार्य आहे, लग्न म्हटले की थाटमाट येणारच, असे कोणी म्हणेल. त्यांना आपल्याच गावातील सर्वांत मोठ्या लग्नाकडे बोट दाखवावेसे वाटते. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांशी विवाह करण्याची इच्छा एका कुंभारकन्येने धरली, आणि त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची तिला अनुमती दिली, अशी कथा आहे. त्या विवाहाचा अक्षता सोहळा दरवर्षी मकर संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर तलावाकाठी संमती कट्ट्यावर होतो. सात नंदीध्वज मिरवीत येतात. त्यांचे मान निरनिराळ्या समाजांकडे आहेत. पांढरी बाराबंदी घातलेले हजारो लोक, आणि त्यांच्या मागे लाखोंचा समुदाय, उघड्या आभाळाखाली उभा राहून अक्षता टाकतो. ज्या तळ्याकाठी हे लग्न लागते, ते तळे सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमांतून खोदविले, असे परंपरा सांगते. वेळ ऐन सुगीच्या तोंडाशी, त्या दिवसांत घरोघर भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी, आणि यात्रेच्या जोडीला जनावरांचा बाजार व कृषी प्रदर्शन. शेताशी नाते सांगणारे ह्याहून मोठे लग्न कोठे असेल? तेथे कोणी कोणाचा मानपान पाहत नाही, कारण येणारा प्रत्येक जण घरचाच असतो.

आमच्या शिक्षकमित्रांच्या कन्येचे लग्न ठरल्याप्रमाणे एप्रिलमध्ये झाले. रान मोकळे होते. छायाचित्रांत कणसे आली नाहीत, कडब्याची गंजी आली. कार्यालयाच्या भाड्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम बंधूंनी घेतली नाही. “घरच्या कार्याला भाडं कसलं?” असे ते म्हणाले. तेव्हा मुलीच्या सूचनेवरून त्या पैशांतून पावसाळ्यापूर्वी विहिरीतील गाळ काढण्याचे ठरले. पाहुण्यांना हळदीने रंगविलेली ज्वारी वाटली होती. ती त्याच रानातली, त्याच वर्षाची. मंगलाष्टकांच्या वेळी आप्पा मुलीच्या मागे, मामांच्या शेजारी उभे होते.

मोटारी लावण्याचे काम त्या दिवशी वधूचे वडील पाहत होते.