मातीतले डाव : शिक्षणाचा क्रम

हौदा (कुस्तीचा मातीचा आखाडा) : कोल्हापूरच्या तालमींत डावाआधी मातीची मशागत येते, तांबड्या मातीत ताक, तेल, लिंबाचा रस व हळद मिसळून ती खोऱ्याने वारंवार उकरून मऊ ठेवावी लागते; मऊ मातीत पडण्याचे भय जाते, आणि ज्याच्या मनातून ते भय गेले नाही, त्यास पाडण्याची विद्या साध्य होत नाही.

पट : प्रतिपक्षाचा एक पाय धरला तर एकेरी, दोन्ही धरले तर दुहेरी. मान घालून झेपावणारा नवशिका स्वतःच खाली दाबला जातो. म्हणून मान वर, पाठ सरळ आणि पुढचा पाय प्रतिपक्षाच्या दोन्ही पायांमध्ये, अशी वस्तादाची सक्त ताकीद असते.

धोबीपछाड व कलाजंग : पहिल्यात प्रतिपक्षाचा हात खांद्यावर ओढून त्यास पाठीवरून पुढे आपटतात, दुसऱ्यात त्यास खांद्यांवर आडवा उचलून टाकतात, दोहोंतही तोल आधी मोडावा लागतो, बळाचा अंमल त्यानंतर.

ढाक : मानेस कव घालून फेकण्याचा हा डाव; १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइलच्या बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांचा तो हुकमी डाव मानला जातो.

निकाल : राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानातील निकाली कुस्तीत पाठ मातीला लागून प्रतिस्पर्धी चीत झाला, की फैसला होतो, मॅटवर मात्र चितपटीखेरीज नुसत्या पाडण्यालाही गुण असल्याने, मातीतून मॅटवर येणाऱ्या मल्लास पटाचा सराव नव्याने वाढवावा लागतो.