मासोळीचे वडे: मासोळी घटवू नका

महिन्याअखेर पैसे सरले की वड्यांत आलू वाढतो, मासोळी घटते. आम्ही वस्तीतल्या बायांना सांगतो, बाकी काहीही बदला. मोठी रोहू परवडत नसेल तर बोडीतली बारीक मासोळी घ्या. पोट साफ करून मऊ शिजवा आणि काट्यांसकट पाट्यावर बारीक वाटा. कॅल्शियम त्या काट्यांतच असते. लेकरांना देण्याआधी मात्र बोटांनी चाचपून घ्या. अंडे नसले तरी तांदळाचे पीठ वडा धरून ठेवते, आणि आपल्या धानाच्या जिल्ह्यात ते कोणाकडे नाही? आलूच्या जागी शिजवलेली चणाडाळ चालते. सोयाबीन वडीत प्रथिने भरपूर, पण बी १२ नाही. सुकट वापरली तर कोमट पाण्यात दोनदा धुवा, वरून मीठ नको. बीपीच्या गोळ्या घेणारी सासूही तेच वडे खाते.