सलाईन निघाल्यानंतरचा उपचार

सोयाबीन-कापसावर फवारणी सुरू झाली, की सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात विषबाधेचे रुग्ण वाढतात. काहींना फवारताना बाधा झालेली असते, काहींनी औषध स्वतःहून घेतलेले असते. पोट धुणे, अॅट्रोपिनची इंजेक्शने, रात्रभर श्वासावर लक्ष. काही दिवसांनी रुग्ण उठून चहा पिऊ लागला, की नातेवाईक म्हणतात, "साहेब, आता बरं हाय, सुट्टी द्या."

बरीच वर्षे मीही अशी सुट्टी देत आलो. मग एक तरुण शेतकरी दुसऱ्यांदा दाखल झाला. पहिल्या वेळच्या डिस्चार्ज कार्डावर सही माझीच होती.

तो वाचला. या वेळी मात्र मी सुट्टीआधी सायकॉलॉजिस्टना बोलावले. "आमचा माणूस काय येडा हाय का?" असे वडिलांनी विचारलेच. मॅडम खाटेजवळ स्टूल ओढून तासभर बसल्या. त्यांनी "का केलंस?" असे विचारले नाही. "त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं, दादा?" असे विचारले. कर्ज तर होतेच. पण दोन महिने झोप नव्हती, दारू वाढली होती आणि उसन्या पैशांवरून भावकीत चारचौघांत अपमान झाला होता. मी रोज राउंडला जात होतो, पण जेवण आणि लघवी यापलीकडे काही विचारले नव्हते.

मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, ते औषधे लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत. बोलणे, चाचण्या आणि विचार-वागणुकीवर काम करणे हा त्यांचा उपचार. नैराश्य मोजायला नऊ प्रश्नांची 'पीएचक्यू-९' ही प्रश्नावली वापरतात. तिचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कुणीतरी विचारले म्हणून माणूस मोकळा होतो.

त्यानंतर सुरक्षेचा आराखडा ठरतो. मन पुन्हा अंधारले तर सर्वात आधी कुणाला फोन करायचा, घरातली फवारणीची औषधे कुणाच्या ताब्यात, कुलपात राहतील, पुढच्या भेटीची तारीख कोणती, हे सारे घरच्यांसमोर कागदावर येते. अशी लहर अनेकदा थोडा वेळच टिकते. त्या वेळात औषध हाताशी नसले, तर जीव वाचू शकतो.

याला पुरावाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतील पाच ठिकाणी आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या 1,867 जणांचा अभ्यास केला. तो 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांशी त्याशिवाय सुमारे तासभर बोलणे झाले आणि 18 महिन्यांत नऊ वेळा संपर्क ठेवला गेला. या दुसऱ्या गटात नंतर आत्महत्येने झालेले मृत्यू खूपच कमी होते. यासाठी महागडे यंत्र लागत नाही, माणूस लागतो.

राज्य सरकारने 2015 मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील 14 जिल्ह्यांत, हिंगोलीसह, शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्यात आशाताई घरोघरी जाऊन ताणाखालचे लोक ओळखतात आणि पुढे पाठवतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकातही सायकॉलॉजिस्टचे पद असते. पण सेनगाव किंवा औंढ्याच्या खेड्यातून आलेला रुग्ण आमच्या घाईमुळे त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही, तर त्या पदाचा त्याला काय उपयोग?

घाईमागे पोलीस केसची भीतीही असते. पोलीस जबाब घेतात हे खरे. पण 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार, प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच धरले जाते आणि तिला शिक्षा केली जात नाही. तिच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर आहे.

म्हणून नातेवाइकांना एकच सांगणे आहे. विष उतरले म्हणून सुट्टीची घाई करू नका. "आमच्या माणसाशी कोण बोलणार आहे?" असे आम्हा डॉक्टरांना विचारा. घरी मन बेचैन झाले, तर 14416 या 'टेलिमानस'च्या मोफत क्रमांकावर दिवस-रात्र बोलता येते.

तो तरुण अजून महिन्यातून एकदा येतो. माझ्या ओपीडीत फक्त डोकावतो आणि पुढे मॅडमच्या खोलीकडे जातो.