आधी तवा विचारा

शनिवार-रविवारी दुपारी कळंबच्या किनाऱ्यावरच्या खानावळींत तव्याला उसंत नसते. नालासोपाऱ्याहून निर्मळमार्गे आलेली कुटुंबं सुरूच्या सावलीत टेकतात, भूक लागलेली असते, आणि पापलेट, बोंबील, कोळंबी एकाच तव्यावर पाठोपाठ तळली जातात. तेल तेच, कालथा तोच, रव्याची परातही तीच. बहुतेकांना त्याचं काही वाटायचं कारण नाही. पण ज्याला पापलेट चालतं आणि कोळंबी चालत नाही, त्याच्यासाठी त्या तव्यावरचं पापलेट कोळंबीइतकंच धोक्याचं आहे.

कोळंबी, चिंबोरी, शेवंड यांच्यात ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं. अनेकांची ॲलर्जी याच प्रथिनाला असते, आणि ते शिजवून किंवा तळून नाहीसं होत नाही. माशांतलं त्रासदायक प्रथिन वेगळं असतं. म्हणून सुरमई निर्धास्त खाणारा माणूस चिमूटभर जवळ्याने बेजार होऊ शकतो. किनाऱ्यावर ही चिमूट कुठेही असते: चटणीत, वांग्याच्या भाजीतल्या सोड्यांत, सुकटीच्या डब्यातल्या चमच्यावर. काहींना कोळंबी उकळतानाच्या वाफेनेही त्रास होतो.

ॲलर्जीत शरीराची संरक्षण यंत्रणाच चवताळते आणि काही मिनिटांत जिवावर बेतू शकतं. दूध न पचण्याचा त्रास वेगळा. तिथे दुधातली साखर पचवणारं विकर कमी पडतं. पोट बिघडतं, पण जीव जात नाही. सिलिॲक आजाराची तऱ्हा तिसरीच. गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याचं अस्तर झिजतं, आणि खाल्ल्याबरोबर काही दिसलं नाही तरी आत नुकसान चालूच राहतं. तिघांनाही खानावळीत उत्तर मात्र एकच मिळतं: ‘थोडंसं खा, काही होत नाही.’

गहू टाळणाऱ्याला वसईची किनारपट्टी वरवर फार सोयीची वाटते. तांदळाची भाकरी, भात, माशाचं कालवण, नारळाच्या दुधाची सोलकढी. आगाशीच्या प्रसिद्ध भुजिंगातही चिकनबरोबर पोहेच असतात. अडचण आत दडलेली असते. इथल्या ईस्ट इंडियन समाजाच्या घरांतल्या बॉटल मसाल्यात मिरच्या-धण्यांबरोबर बहुतेकदा भाजलेले गहू आणि हरभरेही कुटलेले असतात, शिवाय तीळ आणि मोहरी. बाजारातल्या बांधानी हिंगात अनेकदा मैदा असतो. मासळी रव्यात घोळवली असेल, तर त्याच तेलात तळलेले तांदळाच्या पिठातले बोंबीलही गव्हापासून सुटत नाहीत. रिसॉर्टच्या मेन्यूवरच्या चायनीजमधल्या सोया सॉसमध्ये सोयाबीनबरोबर बहुधा गहू असतो, आणि पांढऱ्या ग्रेव्हीत काजू.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. बांगडा किंवा टूना बर्फाशिवाय राहिला, तर त्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवूनही जात नाही. असा मासा खाल्ल्यावर चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, डोकं दुखतं, आणि खाणारा समजतो की आपल्याला माशाची ॲलर्जी आहे. उलटही घडतं. खरी ॲलर्जी असताना ‘पित्त उठलं’ म्हणून आमसुलाचं पाणी चोळत बसतात. दोन्ही चुका महागात पडतात, म्हणून नेमकं निदान डॉक्टरांकडून करून घ्यायलाच हवं.

कायदा किती साथ देतो? भारतात 2020 च्या लेबलिंग नियमांनुसार ग्लुटेनयुक्त धान्यं, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, कठीण कवचाची फळं, सोयाबीन आणि सल्फाइट यांची सूचना वेष्टनावर द्यावी लागते. मेन्यूवर ही माहिती देण्याचं बंधन मात्र केंद्रीय परवाना असलेल्या किंवा 10 वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांवर आहे. कळंबची घरगुती खानावळ त्यात येत नाही. तीळ, मोहरी, तिसऱ्या, कालवं ही नावं तर आपल्या यादीतच नाहीत; युरोपच्या 14 घटकांच्या यादीत तीळ, मोहरी आणि शिंपल्यांतले जलचर आहेत, आणि तिथे 2014 च्या डिसेंबरपासून उपाहारगृहांनाही ती माहिती द्यावी लागते. 2016 साली नताशा एडनन-लापरूझ ही 15 वर्षांची ब्रिटिश मुलगी विमानतळावर घेतलेल्या सँडविचमुळे दगावली. पावाच्या कणकेतच तीळ होते आणि वेष्टनावर त्यांचा उल्लेख नव्हता. तिच्या आईवडिलांच्या लढ्यातून झालेला, तिच्याच नावाने ओळखला जाणारा कायदा 2021 च्या ऑक्टोबरपासून ब्रिटनमध्ये लागू आहे.

तरीही कळंबसारख्या ठिकाणी छोटी खानावळ मोठ्या रिसॉर्टच्या बुफेपेक्षा बरी. बुफेत वाढणाऱ्याला मसाला कोणी कुटला हे ठाऊक नसतं, आणि एका भांड्यातला डाव दुसऱ्यात जातो. खानावळीत मसाला करणारी बाई पाच पावलांवर चुलीपाशी असते. तिला ‘ॲलर्जी आहे’ एवढंच सांगून भागत नाही. ‘ताई, या तव्यावर आज कोळंबी झाली का? मसाल्यात गहू घातलाय का? भाकरी थापता ती परात कणकेची आहे का?’ असं विचारलं की खरं उत्तर मिळतं. गर्दीच्या आधी, साडेअकराच्या सुमारास पोचलं तर धुतलेला तवा आणि ताजं तेलही मिळण्याची शक्यता जास्त.

एवढं करूनही ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, घेरी आली, तर 108 ला फोन करून लगेच रुग्णालय गाठावं. यावर पहिलं औषध म्हणजे मांडीत दिलेलं ॲड्रेनलिन. ॲलर्जीची साधी गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. पूर्वी असा झटका आलेल्यांनी ते जवळ बाळगण्याबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावं.

आणि खानावळवाल्यांना एक विनंती. एक छोटा तवा आणि एक कालथा कोळंबीपासून कायम वेगळा ठेवा, मसाल्यात काय काय आहे ते दारातल्या फळ्यावर लिहा, आणि पाहुणा एखादी वाटी बाजूला सारतो तेव्हा आग्रह करू नका.