ईद सरकते, अत्तरही बदलते

चांदरातीला मोमिनपुऱ्यात पाय ठेवायला जागा नसते. शेवया, टोप्या, बांगड्या, चपला आणि या सगळ्याच्या मधोमध अत्तराच्या शीशांची लहान लहान दुकाने. हुडकेश्वर, मानेवाडा, नरसाळ्याकडून दुचाक्या काढून आलेली तरुण मंडळी मनगटापासून कोपरापर्यंत नमुने लावून घेतात आणि बहुतेकदा सर्वांत जोरकस वासाची शीशी घेऊन परततात. दुसऱ्या दिवशी ईदच्या नमाजला खांद्याला खांदा लावून उभे राहिल्यावर शेजारच्याचे डोके दुखू लागते. अत्तर चांगले असेलही, पण ते कोणत्या ऋतूचे हे कुणी विचारलेलेच नसते.

हिजरी वर्ष चंद्रावर चालते. ते आपल्या कॅलेंडरपेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे येतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०१८ मध्ये रोजे मे-जूनमध्ये होते, नवतपा रोज्यातच गेला. आता ते फेब्रुवारी-मार्चपर्यंत आले आहेत. २०३० मध्ये तर रमजान दोनदा लागेल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेरीस. म्हणजे वडिलांनी ज्या ईदला खस लावला, त्याच ईदला मुलाला हिना लागेल. नागपूरसारख्या गावात हा फरक थोडाथोडका नाही. २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता आणि हिवाळ्यात तो दहाच्या खाली येतो.

उन्हाळ्याचे अत्तर वैदर्भीय माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. कूलरच्या ओल्या खसच्या ताट्यांतून दुपारी जो वास येतो, तोच. खस म्हणजे आपला वाळा. घरोघरी माठात टाकतात ती मुळी. तिचा हिरवट, मातकट वास घामात मिसळला तरी बिघडत नाही. गुलाब आणि केवडा हेही उन्हाळ्याचेच, मात्र केवडा हात राखून लावावा. थेंब जास्त झाला की माणसाच्या अंगाला बिर्याणीचा वास येऊ लागतो. लिंबू-संत्र्याच्या जातीचे काही सुगंध त्वचेवर लावून उन्हात गेल्यास काळे डाग पडू शकतात. दुपारी दुचाकीवर हिंडणाऱ्याने ते अंगाऐवजी कपड्याला लावलेले बरे.

पावसाळ्यासाठी ‘मिट्टी’ अत्तर आहे. कन्नौजचे कारागीर भाजलेली माती तांब्याच्या डेगेत पाण्याबरोबर उकळतात. तिची वाफ बांबूच्या नळीतून चंदनाच्या तेलाने भरलेल्या भपक्यात उतरते. मराठीत भपका म्हणजे नाकात शिरणारा वास, तिथे मात्र ते भांड्याचे नाव. पहिल्या पावसाच्या या वासाला १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दोन शास्त्रज्ञांनी ‘पेट्रिकोर’ हे नाव दिले. कन्नौजवाले तो त्याच्या कितीतरी आधीपासून शीशीत भरत होते.

हिवाळ्यात हिना, शमामा, अंबर आणि ऊद. हे जड सुगंध थंडीत हळूहळू उलगडतात आणि शालीला दोन-दोन दिवस धरून राहतात. शमामा अनेक जडीबुटी आणि मसाले एकत्र घालून तयार होतो, म्हणून त्याला ‘गरम’ म्हणतात. तोच मे महिन्यात लावणारा माणूस ‘आपली बस’मध्ये शेजारी बसला, तर बर्डीपर्यंतचा प्रवास लांब वाटतो.

रोज्यात अत्तर चालते का, हा प्रश्न हिंदू मित्र हमखास विचारतात. चालते. अत्तर लावल्याने रोजा तुटत नाही असेच बहुतेक उलेमा सांगतात, फक्त उदबत्ती किंवा लोबानचा धूर मुद्दाम श्वासाने आत ओढू नये. जुम्याला अंघोळ, धुतलेले कपडे आणि सुगंध हा रिवाज आहे. कच्चा लसूण-कांदा खाऊन मशिदीत येऊ नये, असे हदीसमध्ये सांगितले आहे. शेजारी उभ्या असलेल्याला त्रास होऊ नये हा त्यातला विचार. तोच अत्तरालाही लावायला हवा. तरावीहच्या लांबलेल्या नमाजीत बंद पंख्याखाली ऊद लावून उभे राहणे दम्याच्या माणसाला लसणाहून जड जाते. इफ्तारच्या दस्तरख्वानवरही हलकाच सुगंध असावा, खजूर आणि भज्यांना त्यांचा स्वतःचा वास आहे.

शेजारच्या घरी लग्न असेल तर ही सगळी भाषा ओळखीची वाटेल. मराठी लग्नात दाराशी अत्तरदाणी आणि गुलाबदाणी असतेच. पाहुण्याच्या हाताच्या पाठीवर एक बोट फिरवायचे, बस. लग्नाला गुलाब किंवा मोगरा, ऑफिसला खस किंवा नुसते चंदन, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. मयतीला जाताना सहसा कोणी अत्तर लावत नाही. तिथे कफनाला मात्र कापूर आणि अत्तर लावतात. हज किंवा उमऱ्यासाठी इहराम बांधला की सुगंध पूर्ण वर्ज्य. शौकीन माणसालाही तेवढे दिवस शीशी घरी ठेवावी लागते.

उमरेड रोडवरच्या ताजबागेत, जिथे सर्व धर्मांचे लोक हात जोडतात, दर्ग्याबाहेर फुलांबरोबर अत्तरही मिळते. हुडकेश्वरवाल्यांना ते मोमिनपुऱ्याहून जवळ. पण कुठूनही घ्या, स्वस्त शीशीवर ‘असली चंदन’ लिहिलेले असेल तर हसून पुढे जावे. खऱ्या चंदनाच्या तेलाचा किलोचा भाव लाखाच्या वर आहे. म्हणूनच कित्येक कारखान्यांनी चंदनाऐवजी पातळ पॅराफिन आणि रासायनिक तेले वापरायला घेतली. ‘कस्तुरी’चे तर त्याहून सरळ आहे. कस्तुरीमृगाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे दुकानातली कस्तुरी एक तर रसायन असते, नाही तर कस्तुरी भेंडीच्या बियांचा अर्क. त्यात वाईट काही नाही, फक्त भाव हरणाचा देऊ नये.

तोळाभर एकदम घेण्यापेक्षा तीन मिलीची शीशी घ्यावी. दुकानात कागदाच्या पट्टीवर हुंगून ठरवू नये. मनगटाला एक थेंब लावून बाजारात अर्धा तास फिरावे, शेवया घ्याव्यात, मग पुन्हा मनगट नाकाशी न्यावे. पहिला भडका उतरल्यावर जो वास उरतो, तोच दिवसभर सोबत राहणार असतो. पांढऱ्या कुर्त्याला अत्तर समोरून लावू नये. तेलाचा पिवळा डाग ईदच्या फोटोत पुढची कित्येक वर्षे दिसतो. कानामागे, मनगटावर किंवा कॉलरच्या आतल्या बाजूला एक बोट पुरेसे आहे. आजोबा कानात कापसाचा फाया ठेवत, तीही पद्धत वाईट नव्हती. त्वचेला खाज येणाऱ्याने तीच धरावी.