‘जैन मिळेल का?’ : मुंबईतील बडी चिनी हॉटेले आणि श्रावकाचे ताट

मुंबईतील एखाद्या नामांकित चिनी हॉटेलात दूरध्वनी करून ‘आपल्याकडे जैन मिळेल का?’ असे विचारले, तर बहुतेक वेळा होकारच मिळतो. खरी चौकशी त्या होकारानंतर सुरू व्हायला हवी. हॉटेलाच्या स्वयंपाकघरात ‘जैन’ या शब्दाचा अर्थ ‘कांदा, लसूण, बटाटा नको’ एवढाच उरला आहे. नियमात राहणाऱ्या श्रावकाच्या घरी मात्र त्या शब्दामागे मद्य-मांस-मधाच्या त्यागापासून कंदमूळ, अळंबी आणि रात्रिभोजन यांपर्यंत पोहोचणारा संपूर्ण आहारविचार असतो. शुद्ध शाकाहारी खानावळीत या दोन अर्थांमधील अंतर फारसे जाणवत नाही. चिनी हॉटेलात ते जाणवण्याजोगे असते, आणि हॉटेल जितके महाग व जितके ‘अस्सल’, तितके ते अधिक.

हा प्रश्न केवळ जिभेच्या चोचल्यांचा आहे असे समजून तो बाजूला सारता येत नाही. सांगली-कोल्हापूरकडील आई-वडील मुंबईत नोकरीला असलेल्या मुलाकडे येतात. पहिली पगारवाढ, नातीचा वाढदिवस, लग्नाची बोलणी अशा निमित्ताने सारे कुटुंब बाहेर जेवायला निघते आणि तरुण मंडळी हौसेने चिनी हॉटेल निवडतात. मुलाने प्रेमाने मागवलेले सूप आजींपुढे येते. नको म्हटले तर मुलगा हिरमुसतो. विश्वासाने प्यायले आणि नंतर त्यात काय होते ते कळले, तर कित्येक वर्षे सांभाळलेल्या नियमाला लागलेला अतिचार मनात सलत राहतो. एका होकाराच्या भरवशावर सोडून देण्याइतकी ही गोष्ट लहान नाही.

मुंबईला चिनी जेवणाची गोडी लागली ती बरीचशी कलकत्त्याच्या वाटेने. कलकत्त्यात जन्मलेल्या चिनी वंशाच्या नेल्सन वँग यांनी १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात ‘मांचुरियन’ हा प्रकार प्रथम केला, असे सांगितले जाते. आले, लसूण, हिरवी मिरची हा आपल्याकडचा पाया. मात्र गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि मक्याचे पीठ. मांचुरियाशी या पदार्थाचा संबंध नावापुरताच! पुढे त्यात फ्लॉवर आला, कोबी आली आणि लसूण वगळून ‘जैन मांचुरियन’ही आले. या देशी चिनी जेवणाला लसूण सोडणे जड गेले नाही, कारण ते मुळातच इथल्या गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहून घडलेले होते.

बड्या हॉटेलांची वाट याच्या उलट दिशेने गेली. ताजमहाल हॉटेलातील गोल्डन ड्रॅगनने सत्तरच्या दशकात मुंबईकरांना सिचुआन प्रांताची चव दाखवली. वँग यांचे चायना गार्डन आले, १९९४ मध्ये साकीनाक्याला मेनलँड चायना सुरू झाले आणि २०११ मध्ये लंडनचे याउआचा वांद्रे-कुर्ला संकुलात दाखल झाले. प्रत्येक पावलागणिक जेवण मूळ चिनी पद्धतीच्या अधिक जवळ जात राहिले. खवय्यांच्या दृष्टीने ही प्रगतीच. श्रावकाच्या दृष्टीने मात्र डोळ्यांना दिसणारे पदार्थ कमी झाले आणि न दिसणारे वाढले.

कांदा दिसतो, काढून टाकता येतो. सूपचा मूळ अर्क दिसत नाही. कँटनी पद्धतीच्या स्वयंपाकात कोंबडी आणि डुकराचे खारवलेले मांस तासन्‌तास उकळून एक अर्क तयार ठेवतात आणि सूपपासून परतलेल्या भाज्यांपर्यंत अनेक पदार्थांत तो पळीपळीने घालतात. ऑयस्टर सॉस कालवांच्या अर्काचा असतो. एक्सओ या भारदस्त नावाच्या सॉसमध्ये सुकवलेली कोळंबी आणि शिंपल्यातील मांस असते. ‘मापो तोफू’ हे नाव वाचून सोयाबीनचे पनीर डोळ्यांपुढे येते, पण मूळ पाककृतीत त्यावर मांसाचा खिमा असतो. नूडल्सच्या कणकेत अंडे असू शकते. आणि शाओशिंग हे तांदळाचे मद्य चिनी आचाऱ्याच्या हाताशी असे असते, जसा आपल्याकडे फोडणीचा डबा. शिजताना मद्य उडून जाते, असा खुलासा काही ठिकाणी मिळतो. मद्यत्याग केलेल्याला त्याचा उपयोग नाही.

कढईची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. चिनी लोखंडी कढई एका पदार्थानंतर वेळूच्या कुंच्याने आणि गरम पाण्याने झटक्यात धुतात आणि लगेच दुसऱ्या पदार्थासाठी पुन्हा आचेवर ठेवतात. गर्दीच्या वेळी मागच्या पदार्थाचा अंश तिच्यात राहणे अगदी शक्य आहे. म्हणून वेगळी कढई, वेगळे तळणीचे तेल आणि नूडल्स उकळायला वेगळे पाणी ही मागणी अवाजवी नव्हे. इतका पैसा मोजला जातो तेथे ती संकोच न करता करावी.

कंदमुळांच्या बाबतीतही नावे फसवी आहेत. इंग्रजी नावामुळे चिनी जेवणातील ‘वॉटर चेस्टनट’ म्हणजे आपला शिंगाडा, असा समज सर्वत्र आढळतो. शिंगाडा हे पाण्यावर तरंगणाऱ्या वेलीचे फळ आहे. चिनी ‘वॉटर चेस्टनट’ हा लव्हाळ्याच्या जातीच्या एका वनस्पतीचा चिखलात वाढणारा कंद आहे. पातळ चकत्या करून कुरकुरीत तळलेली कमळकाकडी हे चिखलातील खोड. बांबूचे कोंबही जमिनीतून वर येता येताच खणून काढलेले असतात. डिमसमचे काचेसारखे पारदर्शक आवरण गव्हाच्या सत्त्वाबरोबर बहुधा टॅपिओकाच्या पिठाचे असते, म्हणजे ज्या कंदापासून साबुदाणा होतो त्याच्याच. साबुदाण्याबाबत घरोघरी वेगवेगळे मत आहे; ज्यांच्याकडे तो वर्ज्य आहे त्यांनी आवरणाचीही विचारपूस करावी. अळंबी तर शाकाहारी चिनी यादीत पानोपानी असते. शाकाहारी म्हणून मिळणारा ‘ऑयस्टर’ सॉससुद्धा बहुधा अळंबीचाच असतो. बाटलीवरील हिरवा ठिपका मांस, मासे, अंडी नाहीत एवढेच सांगतो. लसूण, मध, अळंबी यांविषयी तो काहीच बोलत नाही.

हे सारे वाचून चिनी जेवण आणि जैन आहार यांचे कधी जुळायचेच नाही, असे वाटेल. चीनचा स्वतःचा इतिहास तसे सांगत नाही. इसवी सन ५०२ ते ५४९ या काळात दक्षिण चीनवर राज्य करणाऱ्या लिआंग वंशाच्या सम्राट वू याने बौद्ध भिक्षू-भिक्षुणींना मद्य आणि मांस वर्ज्य केले, आणि त्यानंतर तेथील विहारांत निरामिष पाकशास्त्राची एक समृद्ध परंपरा बहरली. त्या परंपरेत पाच उग्र वनस्पतीही निषिद्ध आहेत : लसूण, कांदा आणि त्यांच्याच कुळातील आणखी काही. गंमत अशी की या पंचकात हिंगाचीही गणना होते. जो हिंग जैन घरात लसणाची उणीव भरून काढतो, तोच चिनी विहारात लसणाच्या पंक्तीला बसवलेला!

ही परंपरा मठापुरती राहिली नाही. शांघायमध्ये १९२२ साली ‘गोंगदेलिन’ हे निरामिष भोजनगृह सुरू झाले. त्याच्या नावाचा अर्थच ‘पुण्याचे वन’ असा आहे. बीजिंगमध्ये योंगहे विहाराजवळ असलेल्या ‘किंग्ज जॉय’ या शाकाहारी हॉटेलाला २०२१ च्या मिशेलिन मार्गदर्शिकेत तीन तारे मिळाले. त्या मार्गदर्शिकेत याहून वरचा मान नाही. मांसाच्या अर्काशिवाय आणि कालवांच्या सॉसशिवाय उच्च प्रतीचा चिनी स्वयंपाक होत नाही, असे मुंबईतील कोणी आचारी म्हणाला, तर त्याला हे उदाहरण नम्रपणे सांगता येईल.

अर्थात तेथील सगळेच जैन मनाला रुचेल असे नाही. अळंबी तेथे मुक्तहस्ते वापरतात. शिवाय गव्हाचे सत्त्व आणि सोयाबीनच्या साईचे थर यांपासून बदक, मासा, कोंबडी यांच्या हुबेहूब प्रतिकृती करण्यात या परंपरेचे आचारी फार वाकबगार आहेत. हिंसा नाही, मग हरकत कोणती, असा प्रश्न तरुण पिढी करील. यशोधर राजाची कथा ज्यांनी लहानपणी ऐकली आहे त्यांना तो प्रश्न नवा नाही. आईच्या आग्रहाखातर राजाने खऱ्या प्राण्याऐवजी पिठाच्या कोंबड्याचा बळी दिला, आणि केवळ त्या संकल्पामुळे माता-पुत्रांना अनेक तिर्यंच जन्म भोगावे लागले. सोमदेवसूरींनी ९५९ साली पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलकचंपू’चा विषय हाच आहे. चिनी ताटातील पिठाचे बदक पाहिल्यावर ही कथा आठवली नाही, तरच नवल.

मग मागवावे काय? हॉटेलात पोहोचल्यावर वाढप्याला सांगण्यापेक्षा आदल्या दिवशी मुख्य आचाऱ्याशी बोलणे केव्हाही बरे. ‘जैन करा’ एवढेच सांगून भागत नाही. अर्क, मद्य, ऑयस्टर सॉस, अंडे, अळंबी यांची नावे घेऊन नकार द्यावा आणि त्याबरोबर काय चालेल तेही सांगावे. मऊ तोफू वाफवून त्यावर सोया सॉस आणि तिळाचे तेल, मिरचीवर परतलेली फरसबी, नापा कोबी, दुधी भोपळ्याचा भाऊ शोभेल असा कोहळा, साध्या पाण्यात शिजवलेला, अंड्याविना केलेल्या तांदळाच्या शेवया. पानभाज्या नीट निवडून, पाहून घेण्याचा आग्रह धरावा, चातुर्मासात तर त्या टाळाव्यातच. आणि सिचुआनची ती प्रसिद्ध मिरी मागावी, जिने जिभेवर झिणझिण्या येतात. ती मिरी नव्हेच. कोकणात आणि गोव्यात वापरतात त्या तिरफळाच्या कुळातील झाडाचे ते फळ आहे. लसणाला हात न लावता पदार्थ खमंग करण्याची तिची शक्ती मोठी आहे. हिचे तेल मात्र तयार बाटलीतले नको, कारण मिरचीच्या तेलात बहुधा लसूण असतोच.

राहता राहिली वेळ. ही हॉटेले रात्री खरी गजबजतात. मुंबईत सूर्यास्त मात्र डिसेंबरात सहाच्या सुमारास होतो आणि जूनअखेरीसही सव्वासातच्या आसपास. ज्यांचा रात्रिभोजनाचा त्याग आहे त्यांनी दुपारचीच जागा राखून ठेवावी. दुपारी स्वयंपाकघर शांत असते, आचारी दोन शब्द ऐकून घेतो, वेगळी कढई मिळण्याचा संभवही अधिक. शिवाय चहाबरोबर डिमसम खाण्याचा कँटनी रिवाज मूळचा सकाळ-दुपारचाच आहे, त्यामुळे काही चुकल्यासारखे वाटायचे कारण नाही. उकळलेलेच पाणी पिण्याचा नियम असलेल्यांना तर चिनी टेबलावर एक अनपेक्षित सोय आहे : जेवताना उकळलेले गरम पाणी पिणे ही चीनमध्ये रोजची सवय. ते मागितल्यावर येथे कोणी चकित होऊन पाहत नाही. पेल्यांबरोबर किटलीच आणून ठेवतात.